कोंडशेतचा निरोप

भार आला तेव्हा तिर्झा अष्टमकर मोरीत बसून बांगडे साफ करत होती. सकाळचे अकरा वाजले होते आणि पाऊस चार दिवस उसंत न घेता कोसळत होता. आधी छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं वाटलं. मग हाडांतून एक ऊब सरकत गेली. आणि मग आत शब्द तयार झाले. कानात आवाज वगैरे काही येत नसे. लहानपणी पाठ केलेला पाढा जसा विचार न करता ओठांवर येतो, तसे ते शब्द नुसते असत, आणि ते खरे आहेत याबद्दल तिळमात्र शंका नसे.

'कोंडशेतच्या लोकांसाठी. डोंगर आपल्या जागी आहे. कोणीही उंबरा ओलांडू नये. उद्या उजाडेपर्यंत आपापल्या घरात राहावे.'

तिर्झाला इतकं हायसं वाटलं की तिनं हातातला बांगडा तसाच ताटलीत टाकला. देवा रे, एकदाचा बरा निरोप आला! एरवी ती गावात शिरली की लोक दारं लावून घ्यायचे. ती येणार म्हणजे 'उठा, निघा, घरं सोडा'. आज मात्र 'बसा' म्हणायचं होतं.

सरकारी कागदावर तिचा हुद्दा 'संदेशधारक' असा होता. लोकांच्या तोंडी ती निरोपीण. कोकणपट्टीत अशा चाळीसेक निरोपिणी आणि निरोपे होते. प्रत्येकाच्या उजव्या कानामागे, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र बसवलेलं होतं. आणि त्या सगळ्या दाण्यांशी बोलणारं एक मोठं यंत्र अलिबागच्या केंद्रात होतं. त्याचं नाव पहारा.

"कुठं?" आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं. हनोख अष्टमकरांना वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी डोळ्यांना कमी दिसत होतं, पण लेकीचा श्वास बदलला की त्यांना बरोबर कळायचं.

"कोंडशेत."

"पुन्हा? दोनदा तोंडघशी पडलीस तिथं."

"या वेळी तसं नाही, बाबा. पण मजकूर विचारू नका. ज्यांचा त्यांनाच आधी सांगायचा."

"मी कशाला विचारू? पिशवी घे."

पिशवीत काय असणार हे तिला ठाऊक होतं. बाबांचा पितळी ओळंबा, भिंत सरळ आहे का ते बघायची लोलकाची दोरी. बाबांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं आणि शनिवारी यहुदी प्रार्थनाघरात, सिनेगॉगमध्ये, पोथी वाचली. या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात कधी वेगळ्या झाल्याच नाहीत. तिर्झाला पहिला निरोप आला त्या दिवशी त्यांनी हा ओळंबा तिच्या पिशवीत टाकला होता आणि दर वेळी टाकत होते. दर वेळी तीच गोष्टही सांगत. आजही सांगितलीच.

"आमोस मेंढपाळ होता. नबी, म्हणजे देवाचा निरोप्या, व्हायचं त्याच्या बापजन्मात ठरलेलं नव्हतं. त्याला पाठवणाऱ्यानं ओळंबा दाखवला आणि पहिला प्रश्न काय केला? तुला काय दिसतं? आधी बघायला लावलं, मग निरोप दिला. आणि त्याच्याही आधी दोनदा असं झालं होतं की येणारं संकट बघून हा गडी वाद घालायला उभा राहिला. म्हणाला, केवढासा तो गाव, कसा तग धरणार? आणि पाठवणाऱ्यानं बेत बदलला. निरोप्या म्हणजे पोस्टाची पेटी नव्हे, बाय."

"त्याच्या पाठवणाऱ्याला कान होते," तिर्झा पदराला हात पुसत म्हणाली. "माझ्याला नाहीत. आपले नबी तरी कुठं सगळे वाद घालत होते? योना तर सरळ गलबतात बसून पळाला."

"आणि पळून काय झालं? जायचं तिथंच गेला!" म्हातारा खो खो हसला.

त्या हसण्याची तिला नंतर फार आठवण येणार होती.

*

गाडीत आज डॉ. मुक्ता घारपुरे होत्या. दाण्याची रचना त्यांची. वर्षातून एकदोनदा त्या निरोप्यासोबत जाऊन काम बघून येत. वडखळ सोडून गाडी घाटाच्या कच्च्या रस्त्याला लागली तसा डाव्या अंगाचा ओढा रस्त्यावर यायला लागला.

"मजकूर मला सांगू नका," डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं. "सीलबंद प्रत उद्या दुपारी उघडेल तेव्हा वाचेन."

हा नियम उगीच नव्हता. पूर्वी पहाऱ्याचे इशारे कचेरीतून जात. जाता जाता कोणी साहेब 'त्वरित' खोडून 'शक्यतो' करी, कोणाला मंत्र्यांचा दौरा आड येई, आणि इशारा गावात पोचेपर्यंत त्याचा पार भुगा झालेला असे. म्हणून मधली सगळी माणसं काढून टाकली. पहाऱ्यानं थेट निरोप्याला सांगायचं आणि निरोप्यानं थेट गावाला.

"मॅडम, एक विचारू? सात वर्षं विचारीन म्हणते." भार छातीवर होताच, बोलताना धाप लागत होती. "भोंगा होता, मोबाइल होता. माणूस कशाला लागतो?"

"कारण भोंग्याला कोणी भीत नाही. तुमच्या तरी गल्लीत भोंगा वाजला तर उठाल का गरम जेवणावरून?"

"नाही बाई."

"नाहीच. पहारा बरोबर होता आणि माणसं मरत होती. पावसाचं मोजमाप, जमिनीतलं पाणी, डोंगराचा कल, हजार गोष्टी तो एकत्र बघतो. पण विचारलं का रे बाबा, तर कारण सांगता येत नाही. नुसता आकडा सांगतो. आकड्यासाठी कोणी घर सोडत नाही. समोर उभा राहून, जीव तोडून कोणी सांगितलं तरच सोडतं." त्या जराशा तिच्याकडे वळल्या. "आता गंमत बघा. एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि तिची खात्री वाटणं वेगळं. मेंदूत दोन्हींच्या जागा वेगळ्या आहेत. काही रुग्णांना फेफऱ्याचा झटका येण्याआधी क्षणभर सगळं जग कळल्यासारखं वाटतं. काय कळलं विचारा, काहीच नाही. नुसती खात्री. आम्ही ती जागा शोधली आणि तिथं तार नेली. पहारा मजकूर देतो, आणि त्यासोबत खात्री देतो."

"आणि हा भार?"

"अर्धवट राहिलेल्या कामाची टोचणी. तीही मेंदूतच असते, आम्ही फक्त वाढवली. दाण्याला कान आहे. निरोप ज्याचा त्याला पोचला की टोचणी बंद."

ते तिर्झाला कोणी सांगायला नको होतं. पहिल्या वर्षी एका वाडीत तिनं 'सूर्यास्तापूर्वी' ऐवजी 'संध्याकाळपर्यंत' म्हटलं होतं. परतीच्या वाटेवर चार तास छाती फुटायची पाळी आली. शेवटी गाडी उलट फिरवून, त्याच ओसरीवर उभं राहून, अगदी तेच शब्द म्हटले तेव्हा मोकळा श्वास आला. एक शब्द इकडचा तिकडे चालत नसे. ती घरी येऊन बाबांना म्हणाली होती, भलतंच ओझं आहे हो हे. तर बाबा शांतपणे म्हणाले, जुन्या नबींनाही त्यांचा निरोप ओझंच वाटायचा, हाडांत आग कोंडल्यासारखा. दाबून ठेवायला गेले की त्यांचाच जीव जायची वेळ यायची.

"आज कोंडशेत ऐकेल असं वाटत नाही," डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "दोन वेळा डोंगर खाली यायची शक्यता दहात सात होती. दोन्ही वेळा उरलेले तीन आले. त्यात पहाऱ्याची चूक नाही. पण हे गावाला कसं समजावणार?"

समजावणं कठीणच होतं. दोन्ही वेळा गाव तीन तीन दिवस खाली बाजारपेठेच्या शाळेत जाऊन राहिलं. डोंगर जागचा हलला नाही. तेवढ्यात वरच्या शेळ्या चोरांनी नेल्या आणि लावणी हुकली. गाव वाचलं म्हणून बाबांनी मात्र दोन्ही वेळा एलियाहू हनबी या नबीच्या नावानं मलिदा केला, पोहे, गूळ, खोबरं घालून, आणि वर डबाभर कोंडशेतला पाठवला. तो डबा जसाच्या तसा परत आला. सोबत तोंडी निरोप होता, तुमच्या घरी गोडाचं आणि आमच्या घरी शिमगा.

*

समाजमंदिरात पन्नास-साठ माणसं दाटीवाटीनं उभी होती. बाकीची पागोळ्यांखाली. सरपंच लीलाबाई कदम पुढं आल्या. त्यांनी नमस्कार वगैरे काही केला नाही.

"ग्रामसभेत ठराव झालाय," त्या म्हणाल्या. "निरोपीण आली तरी गाव हलणार नाय. बोल, काय बोलायचं ते, आणि चहा घेऊन जा."

तिर्झाला आत हसू फुटलं. आज ठराव आणि निरोप एकच होते! तीन वाक्यं बोलायची, छाती मोकळी करायची आणि चहा प्यायचा. तिनं तोंड उघडलं.

"बाय, ते दार लाव गं, झड येतेय," मागून कोणी म्हातारी ओरडली.

"कालपासून लागत नाय," लीलाबाई न वळताच म्हणाल्या. "फुगलंय पावसानं."

तिर्झानं दाराकडे पाहिलं. गवंड्याची लेक ती. फुगलेलं लाकूड चहूबाजूंनी अडतं हे तिला माहीत होतं. हे दार वरच्या एकाच कोपऱ्यात अडकत होतं आणि खाली बोटभर फट होती. म्हणजे चौकट तिरकी झाली होती.

काय करतेय हे तिचं तिलाही कळलं नाही. ती तशीच पावसात बाहेर गेली, दरीकडच्या भिंतीला ओट्यावर चढून ओळंब्याचा लाकडी गट्टू वर टेकवला आणि दोरी सोडली. भिंत सरळ असती तर पितळी लोलक तिला चाटून राहिला असता. तो दोन बोटं लांब, दरीवर लोंबत राहिला.

"ही भिंत कोणी बांधली?"

"मी," गर्दीतून धाकू गवंडी पुढं आला. साठीचा, पिळदार, नाकावर राग. "दोन वर्स झाली. सुतात हाय भिंत! नखाएवढा फरक निघाला तर मिशी काढीन."

"या, बघा."

धाकूनं पाहिलं. दोरी स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा धरली. मग शेजारच्या घराच्या भिंतीला लावली, मग त्याच्या पलीकडच्या. तिन्ही भिंती दरीकडे झुकल्या होत्या. तो परत आला तेव्हा त्याच्या तोंडावर रंग नव्हता.

"झऱ्याचं पाणी कसं आहे?" तिर्झानं विचारलं.

"सकाळपासून तांबडं," कोणीतरी बाई म्हणाली. "पाऊस हाय, म्हटलं."

चार दिवस पाऊस होता. मग पाणी आज सकाळीच का तांबडं झालं?

आणि आता तिर्झाची खरी फरपट सुरू झाली. डोळ्यांना दिसत होतं की डोंगर सरकतोय. आणि आत, जिथं तिचं स्वतःचं नाव तिला माहीत होतं त्याच जागी, लख्ख खात्री होती की डोंगर आपल्या जागी आहे. पाट्यावर आता वरवंटाही आला होता. सांग. उंबरा ओलांडू नये. सांग. सात वर्षांत पहाऱ्याचं आतलं बोलणं तिला एकदाही खोटं वाटलं नव्हतं. डोंगर हलला नाही तेव्हाही नाही. आणि पुढ्यात साठ घरं होती, तीनशे बारा माणसं, त्यातली निम्मी कच्चीबच्ची आणि म्हातारी. ती चुकली तर हे गाव पुन्हा कधीच कोणाचं ऐकणार नव्हतं. आणि गप्प बसून चुकली, तर ऐकायला कोणी उरणारच नव्हतं.

तिनं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांना मजकूर ठाऊक नव्हता, त्या नुसत्या भिंतीकडे बघत होत्या.

"अशी पांढरीफटक का पडलीस?" लीलाबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "काय म्हणतंय तुझं यंत्र?"

तिर्झाच्या घशात शब्द उभे होते. ते बाहेर आले असते तर तिला श्वास घेता आला असता. हनोखची मुलगी होती म्हणून, की भिंतीला लोंबणारा लोलक डोळ्यांसमोरून हलत नव्हता म्हणून, तिनं ते दात आवळून गिळले.

"त्याचे शब्द मी सांगणार नाही," ती म्हणाली. "ते म्हणतंय बसा. मी सात वर्षांत पहिल्यांदा त्याचं ऐकत नाही, आणि माझा जीव जातोय हो! पण मला दिसतंय ते दिसतंय. उठा. पोरं घ्या, म्हातारी माणसं घ्या, आणि आत्ताच्या आत्ता निघा. लीलाबाई, पाया पडते तुमच्या. उठा!"

लीलाबाई ओट्यापर्यंत आल्या.

"यंत्र बसा म्हणतंय," लीलाबाई हळूच म्हणाल्या, "आणि तू उठा म्हणतेस? नोकरी जाईल की गं तुझी."

"जाऊ दे!"

लीलाबाईंनी धाकूकडे पाहिलं. धाकूनं मान हलवली. लीलाबाईंनी पदर खोचला आणि घसा फोडून ओरडल्या, "चला रे! ठराव गेला खड्ड्यात, चला!"

एकच गलका उडाला. कोणी खाटेवरची सासू पाठीवर घेतली, कोणी गोठ्यातली दावी सोडली. त्या धावपळीत तिर्झा चिखलात गुडघे टेकून ओट्याशी बसली होती. तिला रडू येत होतं. आणि रडता रडता तिच्या ध्यानात आलं की तिला श्वास घेता येतोय.

छातीवर काही नव्हतं. पाटा नाही, वरवंटा नाही. निरोप तंतोतंत पोचवल्यावर व्हायचं तसंच सगळं मोकळं झालं होतं.

*

संध्याकाळी पावणेसहाला कोंडशेतचा डोंगर खाली आला. बाजारपेठेच्या शाळेच्या पटांगणातून सगळ्यांनी पाहिला. आधी झाडं चालू लागली, मग आवाज आला, मग घरं होती तिथं लाल माती होती. लीलाबाईंनी तीन वेळा डोकी मोजली. तीनशे बारा. एक माणूस कमी नाही. बायका तिर्झाच्या गळ्यात पडून रडल्या. धाकूनं तिचा ओळंबा धुऊन, पुसून, दोन्ही हातांनी परत दिला. "यंत्राचं ऐकून आली असतीस तर आम्ही नसतो हललो," तो म्हणाला. "स्वतःचं बोललीस म्हणून हललो."

ते शब्द तिच्या मनात घर करून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉ. घारपुरे अष्टमकरांच्या घरी आल्या. हातात उघडलेली सीलबंद प्रत होती. त्या बाबांच्या खाटेशेजारच्या खुर्चीत बसल्या, आणि चहा समोर आला तरी कपाला हात लावेनात.

"वाचा," तिर्झा म्हणाली. सकाळपासून तिच्या छातीत जरासं जड होतं. कालचा शीण असणार, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. कारण शब्द काहीच नव्हते.

"'मजकूर,'" डॉक्टरीणबाई वाचू लागल्या. "'डोंगर आपल्या जागी आहे. कोणीही उंबरा ओलांडू नये.' हे तुम्हाला माहीत आहे. खाली नेहमी दोन ओळी असतात, आम्ही त्या फारशा बघतही नाही. 'हेतू' आणि 'मार्ग'. हेतू कायम एकच असतो, गाव रिकामं करणं. मार्गही कायम एकच असतो, मजकुराचा उच्चार."

"आणि काल?"

"हेतू: गाव रिकामं करणं." त्यांचा आवाज चिरकला. "मार्ग: संदेशधारकाचा नकार. शक्यता, दहात आठ. खाली टीप आहे. 'गाव यंत्राचा इशारा मानणार नाही. यंत्राविरुद्ध बोलणाऱ्या व्यक्तीचा मानील. निवड: अष्टमकर. वडील गवंडी. पिशवीत ओळंबा असतो.'"

बाबांनी खाटेची कड घट्ट धरली.

"पण भार सुटला," तिर्झा म्हणाली. "मी शब्द बोललेच नाही, तरी सुटला."

"भार शब्दांवर सुटतो असं आम्ही समजत होतो. आमचीच चूक. तो मार्ग पुरा झाला की सुटतो. एरवी शब्द म्हणजेच मार्ग असायचा, म्हणून फरक कधी कळलाच नाही."

"त्यानं मला खोटं सांगितलं."

"हो."

"आणि खात्रीही खोटी दिली. ती मी मोडावी म्हणून."

"तीनशे बारा माणसं जिवंत आहेत, तिर्झा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण त्यांना स्वतःलाच ते पुरेसं वाटत नव्हतं.

बाबा म्हणाले, "त्यानं ठरवलं म्हणून काय झालं? तू बघितलंस. भिंत तू बघितलीस, ओळंबा तू धरलास. ते काही त्यानं केलं नाही."

"ओळंबा पिशवीत तुम्ही टाकलात, बाबा. आणि तुम्ही टाकणार हे त्याला माहीत होतं. तुमचा आमोससुद्धा त्याच्या हिशेबात होता." तिचा आवाज चढला. "माझ्या आयुष्यात एकदा, एकदाच मी कोणाचं न ऐकता माझं बोलले! तेही माझं नव्हतं?"

बाहेर पाऊस ओसरत होता आणि शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. तिर्झा खिडकीशी गेली. कानामागे हात लावला. दाणा नेहमीप्रमाणे कातडीखाली गुळगुळीत लागला. सात वर्षं तिला त्याचा अभिमान होता. आता किळस आली. तिनं मनाशी पक्कं केलं. हे कोणी सांगितलेलं नव्हतं, कोणी सुचवलेलं नव्हतं. हे तिचं होतं.

ती वळली.

"मॅडम," ती म्हणाली, "उद्याच्या उद्या हा दाणा काढा. मी आता कोणाचा निरोप नेणार नाही."

आणि सकाळपासून छातीत जे जरासं जड होतं, ते अलगद उतरलं.

तिर्झा जागच्या जागी थिजली. डॉक्टरीणबाई अर्ज कुठं करायचा, सही कोणाची लागते ते सांगत होत्या. तिला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती खाटेपाशी आली आणि लहानपणी यायची तशी बाबांच्या गुडघ्याशी जमिनीवर बसली.

"बाबा," तिनं विचारलं, "आत्ता जे बोलले, ते मीच बोलले ना?"

हनोख अष्टमकरांनी चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. प्रत्येक प्रश्नावर त्यांच्याकडे एक गोष्ट असायची. आज त्यांना एकही आठवेना.